वाट कुणी सोडायची?

सोलापुरातला सात रस्ता हा चौक मी रोज ओलांडतो. कॉलेजात जाण्याची माझी वाट तीच. तिथे दिवे आहेत, वाहतुकीचा पोलीस आहे. परंतु तिथला खरा व्यवहार दिव्यांवर चालत नाही. तो डोळ्यांवर, मानेवर आणि हाताच्या पंजावर चालतो. रिक्षावाला डावा पाय बाहेर काढतो, म्हणजे तो डावीकडे वळणार. मोटारसायकलवाला मागे न बघता तळहात खालीवर हलवतो, म्हणजे 'जरा दमानं'. डोक्यावर पाटी घेतलेली बाई एक पंजा उभा धरून गर्दीत शिरते आणि तिच्यासाठी दहा गाड्या थांबतात. एसटीच्या कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ट्रकचा क्लीनर दारावर थाप मारून तेच सांगतो. ह्या सगळ्यात एक शब्द उच्चारला जात नाही, आणि तरीही हजारो माणसे एकमेकांना चुकवून सुखरूप घरी जातात.

मी इतिहास शिकवतो. आमच्या अभ्यासक्रमात रस्ते आहेत. शेरशहाची सडक आहे, इंग्रजांचे रस्ते आहेत, १८६० साली सोलापूरला पोचलेली रेल्वे आहे. रस्ता कुणी बांधला हे आम्ही शिकवतो. त्या रस्त्यावर कुणी कुणाला वाट सोडली, हे मात्र शिकवत नाही. ह्या प्रश्नाकडे मी वळलो तो कुठल्या पुस्तकामुळे नव्हे, माझ्या बापाच्या एका प्रश्नामुळे.

दोन वर्षांपूर्वी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून गावाकडे निघालो होतो. मोहोळ तालुक्यातले आमचे गाव. डांबरी रस्ता सोडला की पांदण लागते. दोन्ही बाजूंना बाभळी, आणि मधून एक वाहन कसेबसे जाईल एवढीच जागा. मी पांदणीच्या शेवटाला आलो होतो, वीस पावले उरली असतील. इतक्यात समोरून एक पांढरी जीप आत शिरली आणि तिने डिपर मारला. मी थांबलो, दोन्ही पाय टेकवले आणि गाडी पायांनी रेटत मागे नेऊ लागलो. पन्नासेक पावले मागे शेतात उतरायला जागा होती, तिथे उतरलो. जीप निघून गेली. आतल्या माणसाने आमच्याकडे बघितलेदेखील नाही. बाप थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले,

"कोन हुता रं त्यो?"

"माहीत नाही, दादा."

"वळखीचा न्हवता?"

"नाही."

"मग तू मागं का सरलास?"

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या जीपवाल्याला माझी जात ठाऊक नव्हती. मला त्याची ठाऊक नव्हती. त्याने शिवी दिली नाही, हॉर्नही वाजविला नाही. फक्त दोनदा दिवा लावला आणि विझविला. तेवढ्यावर माझे पाय मागे सरले. माझ्या डोक्याने निर्णय घेण्याआधी माझ्या पायांनी तो घेतला होता. पदव्या डोक्याला मिळतात, पायांना मिळत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

पायांनी हे कुठे शिकले, ह्याचा शोध म्हणजे हा लेख.

रस्त्यावरच्या खुणा दोन प्रकारच्या असतात, असे मला दिसते. एक खूण सांगते, 'मी काय करणार आहे.' दुसरी खूण सांगते, 'मी कोण आहे.' हात बाहेर काढून वळण दाखविणे ही पहिल्या प्रकारची खूण. गळ्यातले मडके ही दुसऱ्या प्रकारची. आपल्या देशातल्या रस्त्याचा इतिहास हा बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या खुणांचा इतिहास आहे, आणि त्या खुणा अंगावर वागविण्याचे काम आपल्या वाडवडिलांकडे होते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात रस्त्याचा नियम आहे. वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव ह्यांना वाट द्यावी. हे वाचताना क्षणभर वाटते, काय सुसंस्कृत नियम आहे! म्हाताऱ्याला वाट, ओझेवाल्याला वाट. परंतु पुढच्याच श्लोकात राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर मान स्नातकाचा, असे ठरविलेले आहे. आणि दहाव्या अध्यायात चांडाळांविषयी सांगितले आहे की त्यांनी गावाबाहेर राहावे, आणि कामासाठी दिवसा फिरताना राजाज्ञेने ठरविलेल्या चिन्हांनी ओळखू यावे. म्हणजे एका ग्रंथात दोन नियम. एकाला वाट देण्याचा, आणि दुसऱ्याला अंगावर पाटी लावून चालविण्याचा. ओझे वाहणाऱ्याला वाट द्या म्हणणाऱ्या शास्त्राला, ओझे वाहणारा बहुधा कोण असतो हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

हे केवळ ग्रंथातले नव्हते. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्खू फाहियान ह्याने लिहून ठेवले आहे की चांडाळ नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडाचा तुकडा वाजवीत, म्हणजे लोक सावध होऊन त्यांना टाळीत. मला हा उल्लेख वाचून आजच्या हॉर्नची आठवण झाली. मात्र फरक ध्यानात घ्यावा. हॉर्न वाजविणारा म्हणतो, 'मी येतोय, तू बाजूला हो.' लाकूड वाजविणारा म्हणत होता, 'मी येतोय, तुमची शुद्धता सांभाळा.' एकाच आवाजाचे दोन अर्थ. कुणाच्या हातात आहे त्यावर अर्थ ठरतो.

पेशवाईतल्या पुण्याविषयी बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविले आहे. समोरून हिंदू येत असेल तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरता येत नसे. ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. पुण्यात तर पाऊल पुसायला कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडके. रस्त्याच्या दृष्टीने ह्याचा विचार करा. इतर लोक रस्त्यावर पावलांचे ठसे ठेवून जात. आमचा माणूस स्वतःचा ठसा स्वतःच पुसत जाई. रस्त्यावर चालूनही न चालल्यासारखे व्हावे, हा त्या झाडूचा अर्थ होता.

आणि ही खूण चुकली तर? जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे तिने त्यात नोंदविले आहे. समोरून गेला, एवढाच गुन्हा. रस्त्याच्या इतिहासाची ही पहिली मराठी लेखिका, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

माझी आजी पेशवाई बघायला नव्हती. तिच्या काळी मडके आणि झाडू गेले होते. परंतु खुणा शिल्लक होत्या, त्या अंगात मुरल्या होत्या. मागून येणारी बैलगाडी कुणाची हे तिला घुंगरांच्या आवाजावरून कळायचे. पाटलाची जोडी असेल तर ती गाडीवाट सोडून बांधावर उतरायची आणि पाठ करून उभी राहायची. चावडी आली की पायातल्या वहाणा हातात. पुरुषांनी वाकून, हात जमिनीकडे नेऊन जोहार घालायचा. महाराच्या हातातली घुंगूरकाठी गावकामाची निशाणी होती. तिचा मान होता असे म्हातारे सांगत. असेलही. पण ती काठी माणूस दिसण्याआधी त्याची जात ऐकवीत होती हेही तितकेच खरे. आजी म्हणायची, "आपल्याला कुनी 'बाजूला हो' म्हनायची येळच येऊ द्यायची न्हाई. त्येच्या आधी व्हायचं." आजीला हे शहाणपण वाटायचे. त्या गावात, त्या काळी, ते शहाणपणच होते. पण आज्ञा उच्चारण्याचे कष्टही आपण मालकाला पडू दिले नाहीत, ही त्या व्यवस्थेची खरी करामत. मुक्या भाषेत लिहिलेला कायदा मोडता येत नाही, कारण तो कुणी सांगितला हेच दाखविता येत नाही.

सोलापूर शहराच्या रस्त्यालाही अशी भाषा आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांतले शेवटचे दोन मातंग समाजाच्या मानाचे. ह्या मिरवणुकीत मातंगांना मान आहे ही गोष्ट लहान नाही. कित्येक गावांत देवाच्या वाटेवर उभे राहणेही शक्य नव्हते. परंतु पहिला, दुसरा, तिसरा असे मोजत सहाव्या आणि सातव्यापर्यंत यावे लागते, हेही रस्ता न बोलता सांगत असतो. कोण पुढे आणि कोण मागे, हे आपल्याकडे वाहतुकीचे प्रश्न कधीच नव्हते. ते प्रतिष्ठेचे प्रश्न होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन प्रसंगांकडे मी ह्या दृष्टीने बघतो. दोन्ही त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत सांगितले आहेत, आणि दोन्ही रस्त्यावरचे आहेत. पहिला १९०१ चा. लहान भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. गोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांकडे जायचे होते. मुले महारांची आहेत हे कळताच गाडीवाले मिळेनात. शेवटी एकजण तयार झाला. भाडे दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची. तो पायी चालणार. गाडीवान खाली आणि गिऱ्हाईक कासऱ्याशी, असे दृश्य त्या रस्त्याने बघितले. रस्त्यावरच्या कुणालाही काही विचारावे लागले नसेल. ती रिकामी जागाच बोलत होती.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर तो मुलगा बॅरिस्टर झाला होता, सरकारने नेमलेल्या समितीचा सभासद म्हणून धुळ्याकडच्या दौऱ्यावरून परत येत होता. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना स्टेशनवर उतरवून घेतले. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा भाड्याने द्यायला तयार होते, हाकायला नाही. तेव्हा वस्तीतलाच एक माणूस टांगा हाकायला बसला. त्याला त्याची सवय नव्हती. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर टांगा आणि एक मोटार समोरासमोर आली. रस्त्यावरच्या पोलिसाने मोठ्याने ओरडून मोटारवाल्याला सावध केले, म्हणून टक्कर टळली. पुढे नदीवरच्या पुलाच्या वळणावर घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, आणि घोडा व टांगा नदीत पडला. पायाचे हाड मोडले. आपल्या पाहुण्याचा मान राखावा म्हणून वस्तीने टांगा केला, आणि त्या मानापायी पाहुण्याचा जीव जाण्याची वेळ आली.

ह्या प्रसंगातल्या पोलिसाचा मी पुष्कळदा विचार करतो. त्याची जात आपल्याला ठाऊक नाही. टांग्यात कोण बसले आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने दोन वाहने एकमेकांवर येताना बघितली आणि तो ओरडला. त्या एका ओरडण्यात 'कोण' नव्हते, फक्त 'काय' होते. टांगेवाल्याने मात्र 'कोण' बघितले आणि कासरा सोडला. एकाच रस्त्यावर, थोड्याच वेळाच्या अंतराने, दोन व्यवस्था एकमेकींशेजारी उभ्या होत्या. एकीने जीव वाचविला, दुसरीने पाय मोडला.

शहराने आपल्याला ह्यातून सोडविले काय? काही अंशी होय. सोलापुरात १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, मागून आणखी गिरण्या आल्या. गिरणीचा भोंगा जात विचारत नव्हता. पहाटे भोंगा झाला की सगळ्या पेठांतून माणसे एकाच रस्त्याने एकाच वेगाने निघत. त्या लोंढ्यात कोण कुणाला वाट सोडणार? परंतु रस्त्यावर मिळालेली बरोबरी फाटकातच संपत होती. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. ह्याच शहरात, तारेच्या कुंपणाआड, 'सेटलमेंट' होती. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरविले होते, त्यांना हजेरी होती, आणि बाहेर पडायचे तर पास दाखवावा लागे. मडक्याच्या जागी कागद आला, इतकेच. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु त्या वस्तीतल्या तरुणाला रस्त्यावर अडवून 'कुठला?' असे विचारण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

माझा बाप ह्या शहरात हातगाडा ओढायचा. कारखान्यांतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरायचे आणि बाजारपेठेत किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेऊन टाकायचे. हातगाड्याला हॉर्न नसतो, ब्रेक नसतो, दिवा नसतो. टाचा हाच ब्रेक. कायद्यात हाताच्या खुणा सांगितल्या आहेत, पण हातगाडा ओढणाऱ्याचे दोन्ही हात दांड्याला अडकलेले असतात. तो खूण कशाने करणार? तो तोंडाने 'हो हो हो' करतो, मान वळवतो, खांदा पाडतो. सुट्टीच्या दिवशी मी गाडा मागून ढकलायचो तेव्हा त्याने मला एक धडा दिला होता. तो म्हणाला, "समोरच्याच्या तोंडाकडं बघू नगंस. चाकाकडं बघ. तोंड खोटं बोलतं, चाक बोलत न्हाई." चाक कुठे वळते आहे ते बघ, म्हणजे तो काय करणार ते कळेल. गाडीत कोण बसला आहे, शेठ आहे की साहेब, ह्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

पुढे मोटार वाहन कायदा वाचताना मला जाणवले की माझा निरक्षर बाप जे सांगत होता तेच त्या कायद्याचे तत्त्व आहे. १९३९ च्या कायद्याने आणि पुढे १९८९ च्या नियमांनी खुणा ठरवून दिल्या. उजवा हात आडवा काढून तळहात पुढे ठेवला तर उजवीकडे वळणार. तळहात जमिनीकडे करून हात खालीवर हलविला तर वेग कमी करणार. हात कोपरातून उभा केला तर थांबणार. ह्या खुणा ब्राह्मणाच्या हाताने केल्या काय आणि मांगाच्या हाताने केल्या काय, अर्थ तोच. चौकात दिवा आणि पोलीस नसेल तर मुख्य रस्त्यावरच्याला, नाहीतर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. उजवा म्हणजे उजवा, उच्च नव्हे. अग्निशामक गाडी आणि रुग्णवाहिका ह्यांना सर्वांनी वाट द्यावी, म्हणजे मान गरजेचा. रस्त्याकडेच्या पाट्या तर चित्रांच्या. लाल किनारीचा त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम. ज्याच्या बापजाद्यांना अक्षर नाकारले गेले त्यालाही त्या वाचता येतात. माझ्या बापाने आयुष्यात वाचलेले सरकारी लिखाण तेवढेच.

'कोण' सांगणाऱ्या खुणा टाकून द्या, हे सूत्र आपल्या चळवळीचेही होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांच्या सभेत बाबासाहेबांनी सांगितले की लुगडे नेसण्याची ती पद्धत आणि गळ्या-हातातले ते जड दागिने सोडा, कारण त्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता. ह्या सांगण्याला काहींनी वरच्या जातींची नक्कल म्हटले. मला ते रस्त्याचे राजकारण वाटते. बाईने घराबाहेर पाऊल टाकताच तिची जात रस्त्याला कळू नये, हा त्यातला अर्थ. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्यापर्यंत जी मिरवणूक गेली तिने पाणी तर मुक्त केलेच. परंतु त्याआधी तिने महाडची वाट चालून दाखविली, हे आपण विसरतो. दूर केरळात १९२४ च्या वैकम सत्याग्रहात तर मागणीच रस्त्याची होती. मंदिराभोवतालच्या वाटांवर अस्पृश्यांना मनाईचे फलक होते, आणि सत्याग्रही त्या फलकापर्यंत चालत जाऊन अटक करून घेत. त्याच्याही आधी, १८९३ साली, अय्यनकाळींनी बैलगाडी घेतली, स्वच्छ वस्त्रे ल्याली आणि सार्वजनिक रस्त्यावरून ती हाकली. पुढे ह्याच हक्कावरून दंगल पेटली. आणि आपल्याकडे बाबू हरदासांनी रुजविलेल्या 'जय भीम'ने वाकून घातला जाणारा जोहार संपविला. शब्द बदलला हे सगळे सांगतात. त्या शब्दाबरोबर कणा सरळ झाला, ते अधिक महत्त्वाचे.

संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट ह्यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे. तो तिथे उगाच आलेला नाही. आणि तो पुरला नाही ह्याचा पुरावाही कायद्यातच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यास, सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास आणि वरातीत घोड्यावर बसण्यास अडविणे हा गुन्हा म्हणून लिहावा लागला. एकविसाव्या शतकात संसदेला सायकलीचे नाव घ्यावे लागले, ह्यातच सारे आले. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात, आधी ठरवून दिलेल्या मार्गाने निघाली. मनूने नवरदेवाला वाट द्या म्हटले होते. कोणत्या नवरदेवाला, ते लिहिलेले नव्हते. पण गावाला ते ठाऊक होते.

१ मे २०१७ पासून पुढाऱ्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला. चांगले झाले. परंतु मोटारींच्या काचांवर जातीची नावे आली आहेत. नंबराच्या पाटीवर राजाचे चित्र, पदाचे नाव, कुळाचे नाव. नंबर वाहनाची ओळख सांगतो. हे लिखाण म्हणते, 'नंबर बघू नका, मला ओळखा.' आपली पोरेही मागे राहिली नाहीत. त्यांचे निळे अक्षर आणि वरच्याचे सोनेरी अक्षर मी एका मापाने मोजत नाही. एकाला शतकानुशतके लपावे लागले होते. तरीही मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारतो, की रस्त्यावर आपल्याला ओळख हवी आहे की हक्क? ओळख पटवून मिळालेली वाट उद्या ओळख पटवूनच अडविली जाईल.

डिपरचेच घ्या. इंग्लंडात पुष्कळ चालक दिवा लुकलुकवून 'तुम्ही आधी या' असे सुचवितात. आपल्याकडे त्याच लुकलुकण्याचा अर्थ 'मी येतोय, सरक'. दिवा तोच आहे. अर्थ समाजाने घातला आहे, आणि जो अर्थ समाजाने घातला तो समाजाला बदलताही येतो.

जातकांत राजोवाद जातक नावाची कथा आहे. एका खोल, अरुंद वाटेत दोन राजांचे रथ समोरासमोर येतात; एक वाराणसीचा, एक कोसलचा. वाट कुणी सोडायची? सारथी विचार करतात, जो वयाने मोठा त्याला वाट द्यावी. वय सारखे निघते. राज्य, सैन्य, धन, कीर्ती, जात, कुळ, सगळे सारखे. शेवटी शीलावर येते. एक राजा कठोराशी कठोर आणि भल्याशी भला वागणारा. दुसरा रागाला शांतीने आणि खोट्याला सत्याने जिंकणारा. कोसलचा राजा खाली उतरतो, रथ बाजूला घेतो आणि वाट देतो. ही कथा मला आवडते, कारण तिच्यात वाट सोडणाऱ्याची मान खाली जात नाही. परंतु तिच्यातही आधी जात विचारली जाते हे विसरता कामा नये. ती बरोबरीची निघाली म्हणून प्रश्न शीलापर्यंत पोचला. समोर राजाऐवजी हातगाडेवाला असता तर सारथ्यांनी यादी उघडलीच नसती.

आमची पांदण तशीच अरुंद आहे. तिथे शीलाची चौकशी करायला कुणाला वेळ नाही, आणि जातीची चौकशी नको आहे. मग राहते काय? माझा बाप म्हणाला ते चाक. कुणाचे चाक किती आत आले आहे, कुणाला मागे सरणे सोपे आहे, कुणाच्या गाडीवर ओझे आहे, म्हातारे माणूस आहे. मी बाहेर पडायला वीस पावलांवर होतो, तो नुकता आत शिरला होता. माझ्यामागे सत्तरीतला माणूस बसला होता. साध्या न्यायाने त्याने मागे सरायला हवे होते. मी चाकाकडे बघितले नाही, तोंडाकडे बघितले. तेही न दिसलेल्या तोंडाकडे. जीपच्या काचेआड मी माझ्या आजीचा पाटील बसविला आणि त्याला वाट दिली.

वाट सोडण्यात कमीपणा नाही. पाटीवाल्या बाईसाठी दहा गाड्या थांबतात तेव्हा त्या चौकाइतका सभ्य चौक जगात नाही. परंतु ती वाट बघून, ठरवून सोडलेली असावी. पायांच्या जुन्या सवयीने नव्हे. आज सोडली तर उद्या समोरच्यानेही सोडावी. ज्या वाटेवर नेहमी एकच बाजू मागे सरते तिला वाहतूक म्हणत नाहीत.

आमच्या वर्गात खेड्यांतून येणारी मुले पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी मी त्यांना एक काम दिले. गावातल्या रस्त्यावर एक दिवस उभे राहा आणि कोण कुणासाठी सरकतो ते लिहून आणा. कारण विचारू नका, फक्त लिहा. वह्या आल्या. एका मुलीने शेवटी एवढेच लिहिले होते की आमच्या गल्लीतली पोरे पाराजवळ आली की सायकलीवरून उतरतात आणि पार संपला की पुन्हा बसतात. का, ते विचारले तर म्हणतात, तिथे चढ आहे. 'सर,' तिने लिहिले होते, 'तिथे चढ नाही.'

ती वही मी बापाला वाचून दाखविली. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "आता पुन्यांदा गावाकडं जाऊ तवा गाडी मी हानतो. तू मागं बस." त्याला मोटारसायकल येत नाही. आम्ही दोघेही हसलो. पण पुढच्या खेपेला पांदणीत शिरताना मी त्याला मागून माझ्या खांद्यावर हात ठेवायला सांगितले आहे. समोरून कुणी आला आणि माझे पाय आपोआप टेकले, तर त्याने खांदा दाबायचा. त्या खुणेचा अर्थ आम्ही ठरविला आहे: आधी चाक बघ.